नवी इलेक्ट्रिक गिटार: परत करू की ठेवू? ५ दिवस उरले (ता. ब्रह्मपुरी)

झाडीतला_मोबाईलवाला
१७ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं, वैनगंगेच्या अलीकडे. मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. सोल्डरिंग, मल्टिमीटर, चार्जिंग जॅक बदलणं हे रोजचंच, म्हणजे वायरीतलं मला कळते. लाकडातलं ढिम्म कळत नाही, आणि घेऊन बसलो लाकूड.

सहा वर्षं मावसभावाची जुनी अकॉस्टिक वाजवली. तिचा नेक, म्हणजे लांब मान, धनुष्यासारखा वाकला होता. १२व्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या त्या फ्रेट) तार दाबायची म्हणजे धानाच्या रोवणीएवढी मेहनत. यंदा हिंमत केली आणि १४,५०० रुपयांची इलेक्ट्रिक मागवली. बाबा एवढंच म्हणाले, "दोन शेळ्या आल्या असत्या." गिटार स्ट्रॅटोकॅस्टरच्या घाटाची आहे, फेंडरने १९५४ मध्ये काढलेला तो दोन शिंगांचा आकार. पण फेंडर नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर गोष्ट भलतीकडेच जाते.

पार्सल आमच्या गावापर्यंत येत नाही. ब्रह्मपुरीहून मोटरसायकलवर आणलं, भाच्याला मागे बसवून, खोका त्याच्या मांडीवर आडवा. दुपारचा १ वाजला होता. मे महिन्यात टीव्हीवर तापमानाची यादी लागली की आमच्या ब्रह्मपुरीचं नाव कुठे असते ते तुम्हाला माहीतच आहे. घरी आलो, कुलरसमोर बसलो आणि त्याच मिनिटाला खोका फाडला. चूक झाली म्हणतात, नंतर वाचलं.

आता मुद्दा. परत करायला ७ दिवस मिळतात, त्यातले २ गेले. मी वहीत ६ तारा गुणिले २२ फ्रेट अशी १३२ घरं आखली आणि एकेक सूर वाजवून पाहिला. जाड ई आणि ए या दोन तारा पहिल्या पाच फ्रेटपर्यंत झणझणतात, पुढे साफ. बारीक ई आणि बी तारेवर १३व्या फ्रेटवर दाबलं तर १४व्याचाच सूर येते. बाकी १०-१२ घरांत थोडी खरखर आहे, पण अँपमधून (अँप्लिफायरमधून) ऐकू येत नाही.

नेकवरून हात वरखाली केला तर दोन्ही कडांना फ्रेटची टोकं टोचतात. टोचतात म्हणजे तर्जनीला चक्क ओरखडा गेला. जिथे नेक बॉडीत बसतो तिथे एका बाजूने व्हिजिटिंग कार्ड आत जाते. जी तार दर दोन गाण्यांनी उतरते आणि चावी फिरवली की नटजवळ (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथे) "टिंग" असा आवाज होते. फ्रेटबोर्डबद्दल खोक्यावर "इंडियन लॉरेल" लिहिलंय. मला वाटलं होतं रोजवूड म्हणजे शिसम मिळेल. हे काय नवीन? फसवलं का?

आणि हम. पाच जागांच्या स्विचवर १, ३, ५ या जागांवर घूं घूं येते, २ आणि ४ वर जवळपास बंद. म्हणजे तीनही पिकअप (तारांखालचे सूर पकडणारे चुंबक-कॉइल) खराब आहेत का? मल्टिमीटर लावला, केबल गिटारमध्ये घालून दुसऱ्या बाजूच्या पिनेचं टोक आणि तिची बाही यांच्यामध्ये मोजलं: ६.६, ६.४, ६.५ किलो ओहम. लाईन गेली आणि इन्व्हर्टर लागला की घूं घूंचं ट्रर्रर्र होते, मोहोळ उठल्यासारखं. तारांना हात लावला की हम कमी होते. अनवाणी असताना अँपच्या जॅकच्या नटला बोट लागलं तर बारीक मुंग्या येतात, ते तर चालतेच.

यातलं काय कारखान्याचं, काय माझं आणि काय परत करण्यालायक, एवढंच सांगा.

---

हिंगणघाटची_सहावी_तार
१८ मे, सकाळी ७:१५

भाऊ, वहीत १३२ घरं आखणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना ही पोस्ट दाखवणार आहे.

आधी ज्याची काळजी करायची नाही ते काढून टाकू. २ आणि ४ वर हम बंद होणं हा दोष नाही, ती रचनाच तशी असते. मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असतो. तो शेजाऱ्यासोबत लागला की दोघांचा हम एकमेकांना मारतो, सूर तेवढा राहतो. हीच युक्ती एकाच पिकअपमध्ये दोन कॉइल घालून केली की त्याला हमबकर म्हणतात. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तुमचे सिंगल कॉइल आहेत, ते घूं घूं करणारच. स्ट्रॅट घाटाच्या पिकअपला साडेपाच ते सात किलो ओहम ठीक. तीनही आकडे जवळजवळ आहेत म्हणजे आतली वायर कुठे तुटलेली नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्का वाढतो. तुम्ही ४५ अंशांत मोजलं, म्हणून जानेवारीत हेच आकडे कमी दिसतील. तुमच्या धंद्यातलीच गोष्ट आहे, मी काय सांगू.

आता नेक. पहिल्या पाच फ्रेटवर झणझण आणि पुढे साफ, म्हणजे बहुतेक नेक फारच सरळ आहे किंवा उलटा वाकलाय. गिटारच्या नेकला जरासा पोट हवा, म्हणजे मधे किंचित खोलगट बाक. तो असा मोजायचा: जाड ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा, शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने. तार ओढलेली असते म्हणून तीच तुमची सरळ पट्टी. आता ७व्या-८व्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत फट किती ते पाहा. पाव मिलिमीटर हवी. गावात ट्रॅक्टर मेकॅनिक असेल तर त्याचा फिलर गेज मागून आणा, टॅपेट सेट करायचा तोच. ०.२५ चं पान अलगद गेलं पाहिजे. फट शून्य असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, परत सुरात आणा, तासभर थांबा, परत मोजा. अर्धा फेरा एकदम फिरवणारे लोक मग माझ्याकडे गिटार घेऊन येतात. नटची खाच खोल गेली असली तरी खालची झणझण येते, पण ती फक्त मोकळ्या तारेला. तुमची दाबलेल्या सुरालाही येते, म्हणजे नट नाही.

हे झाल्यावरच तारांची उंची पाहायची. १२व्या फ्रेटवर जाड ई २ मिलिमीटर, बारीक ई दीड. आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी जुळवणं. क्रम उलटा केला की सगळं पुन्हा करावं लागते.

टोचणाऱ्या फ्रेटबद्दल: तुमच्याकडे मे महिन्यात हवेत पाणीच नसते. लाकूड आडवं आकसते, फ्रेट धातूचा, तो आकसत नाही. मग टोकं बाहेर येतात. बदलून मागवली तरी दुसरी त्याच ट्रकमध्ये, त्याच उन्हातून येणार. हे परत करायचं कारण नाही. कडेला चिकटपट्टी लावून बारीक कानशीने टोकं गोल करून घ्या. उन्हाळ्यात घासलेली टोकं परत कधी टोचत नाहीत, कारण यापेक्षा जास्त लाकूड आकसायचं नाही. फक्त ठेवायचं पक्कं ठरल्याशिवाय कानस लावू नका. एकदा कानस लागली की दुकानदार परत घेणार नाही.

जी तारेचं: नटच्या खाचेत तार अडकते, टिंग म्हणजे तीच सुटते. तार बाजूला करून खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

नेकच्या सांध्यातली फट दिसायला वाईट, पण दोन्ही बाहेरच्या ई तारा फ्रेटबोर्डच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का तेवढं पाहा. असतील तर सोडून द्या. नसतील तर मागचे चार स्क्रू अर्धा फेरा ढिले करा, नेक हाताने सरळ ओढा, परत कसा.

माझ्या मते फक्त १४वा फ्रेट हा खरा कारखान्याचा दोष आहे. जुनं एटीएम कार्ड घ्या, त्याची कड १३, १४, १५ वर एकदम टेकवा. डुगडुगलं तर १४वा वर उठलाय. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.

---

दर्यापूरचा_दांडगा
१८ मे, सकाळी ९:०२

भाऊ, तुयी वही पाहून मले मायी दहावी आठोली.

ताईनं सांगतलं थे बरोबर हाये. पन येक आयक. म्या मांगच्या वर्सी असीच येक बदलून मांगोली. पयलीचा येक फ्रेट खराब होता, दुसरीचा नेकच पिया मारेल, म्हंजे मुरडेल, निंघाला. पयली परत मांगतली तं म्हनले थे गेली. हातातली सोडू नको, फ्रेट काय, बसोता येते. पिया मारेल नेक देव आला तरी सरका होत नाही. बॉडीकून डोया लावून पाय नेककडं, दोनी कडा येका पातयीत दिसल्या पायजे.

---

पेटी_ते_कीबोर्ड
१८ मे, दुपारी २:३०

मी वडशाचा. झाडीपट्टीच्या नाटकांत बारा हंगाम वाजवतो, आधी पायपेटी, आता कीबोर्ड. गिटार माझा विषय नाही, पण दोन गोष्टी बोलतो.

एक, तो झणझणाट. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आम्ही तासन् तास तोच आवाज शोधतो. जवारी लागली की लोक वाहवा करतात. तुमच्या गिटारला फुकटात जवारी लागून आली आणि तुम्ही परत पाठवून राहिले! गंमत हं. पण पडद्यामागे अंधारात बसून वाजवायचं असेल तर प्रत्येक सुराचा भरवसा लागते, ते खरं.

दुसरी, तुमचं "इंडियन लॉरेल". अहो तो आपला येन! वनखात्याच्या पुस्तकात ऐन लिहितात, इंग्रजी नाव लॉरेल. आरमोरीकडे कोशाच्या (टसर रेशमाच्या) अळ्या ज्या झाडावर सोडतात, तोच. तुमच्या घराच्या आढ्यालाही असेल. शिसमाच्या जातीच्या लाकडावर २०१७ मध्ये जगभर परवाना लागू झाला, गिटार देशाबाहेर न्यायलाही कागदपत्रं लागायची (तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली), तेव्हा बऱ्याच गिटारवाल्यांनी येन धरला. फसवलं नाही. आपल्या झाडाच्याच जातीचं लाकूड समुद्रापार फिरून ब्रह्मपुरीला आलं म्हणा.

---

निवृत्त_तारतंत्री_नागभीड
१८ मे, रात्री ८:५०

वरचे सगळे गिटार पाहून राहिले. मी तुमचं शेवटचं वाक्य पाहून राहिलो. "अनवाणी असताना बारीक मुंग्या येतात, ते तर चालतेच."

नाही चालत.

३४ वर्षं खांबावर काढली. मुंग्या येणं म्हणजे तुमच्या घराच्या अर्थिंगने हात वर केलेत. गिटारच्या तारा ब्रिजमधून (बॉडीवरचा तारा बसवायचा धातूचा भाग), ब्रिज वायरीतून, वायर केबलच्या बाहेरच्या जाळीतून थेट अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. म्हणूनच तारेला हात लावला की तुमचा हम कमी होते. म्हणजे गिटारची वायरिंग बरोबर आहे, शाबास. पण अँपच्या पत्र्यावर उद्या फेज आला आणि अर्थ नसला तर तो फेज तुमच्या दहा बोटांत. तार धरलेला हात आखडते, सुटत नाही. १९७२ मध्ये ब्रिटनच्या वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस्ली हार्वे नावाचा गिटारवादक भर मंचावर असाच गेला. हातात गिटार होती, अर्थ नसलेला माईक धरला, संपलं.

आज रात्री वाजवू नका. उद्या उजेडात पायात रबरी चप्पल घालून, एका हाताने मीटर धरून सॉकेट मोजा. फेज-न्यूट्रल जे येईल, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आलं पाहिजे. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको. मग आकडे इथे टाका. आणि कोणी "न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. न्यूट्रल कुठे तुटला तर घरातलं प्रत्येक लोखंड जिवंत होते.

---

झाडीतला_मोबाईलवाला
१९ मे, रात्री १०:२०

काका, आधी तुम्हाला. फेज-न्यूट्रल २१४. फेज-अर्थ ६० च्या आसपास, तेही स्थिर नाही, डोलते. खोलीतल्या तीनही सॉकेटवर तेच. प्लेट काढली तर वरच्या मोठ्या पिनेला वायरच नाही. हिरवी वायर भिंतीतून आली आहे, कापून गुंडाळून आत कोंबली आहे. घर बांधलं २००९ मध्ये. म्हणजे इतकी वर्षं कुलर, फ्रिज, आईचं मिक्सर, सगळं असंच. मी दिवसभर लोकांच्या मोबाईलमध्ये शॉर्ट शोधतो आणि स्वतःच्या भिंतीत कधी डोकावलो नाही. लाज वाटली.

सहावी_तार ताई, फिलर गेज आणला. मेकॅनिक म्हणे, "गिटारले टॅपेट कवापासून लागले बे?" फट शून्य होती, ०.०५ चं पान पण अडकलं. पाव फेरा सैल केला, रात्रभर ठेवली, सकाळी ०.१५. परत थोडासा, आता ०.२५ चं पान अलगद जाते. जाड तारेची झणझण ९० टक्के गेली. बोटाला फरक इतका जाणवला की दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

कार्ड १४व्यावर डुगडुगते, फक्त बारीक तारांच्या बाजूने. व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवला. उत्तर आलं, "बदलून देऊ, १२ ते १५ दिवस, आधी ही पाठवा." दर्यापूरच्या भाऊचं आठवलं.

म्हणून गिटार उचलून शेजारच्या वाढई काकाकडे गेलो. बैलगाडीची चाकं बनवण्यात हयात गेली, आता दरवाजे-चौकटी करतात. काकाने गिटार उलटी धरून एक डोळा मिटला आणि नेकवरून असं पाहिलं जसं चौकटीचा उभा पाहतात. बराच वेळ. मग म्हणाले, "पीळ नाही. पोरगी सरळ आहे." तार दाबून फट मोजायची युक्ती सांगितली तर हसले. "हे तं आमचं सूत झालं."

फ्रेटबोर्डवर नख घासलं, मागे कडेला जिथे रंग पातळ आहे तिथे उन्हात धरून पाहिलं. "येनच आहे, रंग मारून आनला. ह्या लाकडाले नीट वाळवा लागते. घाईत वाळवला तं तडकते, आखडते. तुझे खिळे त्याच्यानंच बाहेर आले." फ्रेटला ते खिळेच म्हणत होते, मी दुरुस्त केलं नाही.

---

हिंगणघाटची_सहावी_तार
२० मे, सकाळी ६:४०

वाढई काकांना माझा नमस्कार सांगा. मी जे तीन परिच्छेदांत सांगितलं ते त्यांनी एक डोळा मिटून सांगितलं.

१४वा फ्रेट फक्त एका टोकाने उठला असेल तर तो बसू शकतो. तारा पूर्ण ढिल्या करा, नेकखाली वाळूची छोटी पिशवी ठेवा म्हणजे ठोका नेकला बसणार नाही, फ्रेटवर लाकडाचा तुकडा ठेवून लाकडी हातोडीने दोन-तीन हलके ठोके. परत कार्ड लावा. बसला पण परत उठतो असं झालं तर टोकाच्या खाचेत अगदी थेंबभर पातळ इन्स्टंट गोंद, आणि तो फ्रेटबोर्डवर सांडला तर लगेच पुसा. हे केलं की परतीचा रस्ता बंद, हे डोक्यात ठेवून करा.

आणि गिटार कुलरच्या झोतात ठेवू नका. दिवसा कुलरची ओल, रात्री कुलर बंद, सकाळी खडखडीत कोरडं. असं दररोज झालं तर ट्रस रॉडला विश्रांतीच नाही. ३०० रुपयांचं छोटं हवेतला ओलावा मोजणारं घड्याळ मिळते. ४५ ते ५५ टक्के हा लाकडाचा सुखाचा पट्टा. आपल्याकडे तो वर्षातून किती दिवस असतो ते देव जाणे, पण आकडा समोर असला की घाबरगुंडी होत नाही.

---

निवृत्त_तारतंत्री_नागभीड
२० मे, रात्री ९:१०

अर्थची पिन मोकळी, म्हणजे माझं म्हणणं खरं निघालं. खोटं निघालं असतं तर आनंद झाला असता.

परवानाधारक वायरमन बोलवा. घराबाहेर ओलसर जागा पाहून खड्डा, अडीच मीटरचा जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर, वर फनेल. उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जायचं, कोरडी माती अर्थ देत नाही. सगळ्या सॉकेटची हिरवी वायर तिथे आली पाहिजे. त्यासोबत मेन बोर्डला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवा. ती अर्थ नसतानाही जीव वाचवू शकते, पण म्हणून अर्थ टाळायचा नाही. काम झालं की वायरमनला टेस्ट लॅम्प आरसीसीबीच्या आधीचा फेज आणि अर्थ यांच्यामध्ये लावायला सांगा, नंतरचा घेतला तर ती ट्रिप होईल. १०० वॅटचा दिवा लख्ख लागला पाहिजे. मिणमिणला तर खड्डा अजून खोल.

---

दर्यापूरचा_दांडगा
२१ मे, सकाळी १०:००

मंग? ठेवली का धाडली?

---

झाडीतला_मोबाईलवाला
२१ मे, रात्री ११:५५

ठेवली. संध्याकाळी वाढई काकांनी फ्रेट बसवला, तीन ठोके. चौथा मारणार होते, मीच हात धरला. कार्ड आता डुगडुगत नाही. बी तारेवर १३ आणि १४ वेगवेगळे वाजतात. वहीतल्या त्या दोन घरांत लाल पेनने बरोबर खूण केली. विक्रेत्याला "नको" कळवलं.

मग काकांची बारीक कानस घेऊन बसलो. बारीक तारांच्या बाजूची २२ टोकं झाली, जाड बाजू उद्या.

---

झाडीतला_मोबाईलवाला
९ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा जुना झाला तरी हिशोब द्यायला आलो. कोणी मे महिन्यात गिटार मागवून घाबरलं तर कामी येईल.

"उद्या" काही आला नाही. दुकान, मग पऱ्हे (धानाची रोपं), मग रोवणी, चिखलातून आल्यावर कानस कोण धरते. जाड बाजूची २२ टोकं तशीच राहिली. आज हात फिरवला तर टोचत नाही. एकही नाही. लाकूड आपोआप फुगून त्यांच्या बरोबरीला आलं. घासलेल्या बाजूला टोकं आता जराशी आत गेल्यासारखी लागतात, पण गुळगुळीत. ओलाव्याचं घड्याळ मे महिन्यात दुपारी १४ दाखवत होतं, सध्या ८६. काकांना दाखवलं, ते म्हणाले, "मले घड्याळ नाही लागत, दरवाजा लागून राह्यला."

नेकचा पोट वाढला होता. ०.४ चं पान जात होतं, तारा उंच वाटत होत्या, त्या जुन्या अकॉस्टिकची आठवण आली. रॉड थोडासाच कसला, घड्याळाच्या दिशेने, परत ०.२५ वर आणला. हिवाळ्यात पुन्हा उलट करावं लागेल म्हणून वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि फेरा लिहून ठेवला. जी तार पेन्सिलीने सुधारली, आता तीन-चार दिवस टिकते. सांध्यातली फट आहे तशीच आहे, तारा मध्यावर आहेत, मी तिकडे पाहत नाही.

एक चूक माझी, लिहूनच टाकतो. इंटोनेशन करताना जी तार १२व्या फ्रेटवर चढी येत होती आणि मी सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) पुढे, नेककडे, सरकवत बसलो. जितकं सरकवलं तितकी अजून चढी. अर्ध्या तासाने कळलं की तार लांब करायची असते, म्हणजे सॅडल मागे.

अर्थिंग झालं. वायरमन, पाईप, कोळसा, मीठ, आरसीसीबी धरून ६,२०० लागले, म्हणजे जवळपास एक शेळी. १०० वॅटचा दिवा लख्ख लागला. मुंग्या बंद. हमसुद्धा कमी झाला, तरी १, ३, ५ वर थोडी घूं घूं आहेच, आणि कुलरकडे पाठ करून बसलो की अजून कमी होते हे आपलं आपण शोधलं. इन्व्हर्टरचं ट्रर्रर्र मात्र कायम आहे. स्वस्तातला आहे, लाट गोल नाही चौकोनी देतो. लाईन गेली की अँप बंद ठेवतो, नुसत्या तारा वाजवतो.

वायरमन शेजारची दोन घरंही पाहून गेला. दोन्हीकडे हिरवी वायर तशीच गुंडाळलेली.

पेटी_ते_कीबोर्ड दादा, भाऊबीजेनंतर आमच्या गावच्या मंडईत (दिवाळीनंतरच्या जत्रेत) नाटक ठरलंय. तुमची कंपनी असो नसो, तालमीला आलो तर पडद्यामागे बसू द्याल का? जवारी काढून टाकली आहे.

बाबा रोज सकाळी आंघोळ झाली की अर्थिंगच्या फनेलमध्ये तांब्याभर पाणी टाकतात. धो धो पाऊस असला तरी टाकतात. गिटारबद्दल अजून काही बोलले नाहीत.